सुवाच्य होडी

होडी विकत घ्यायला जाताना शाळामास्तराला बरोबर नेऊ नये. तो रंग पाहतो!

आमचा दादा मुंबईची नोकरी संपवून देवबागला परतला, तो फंडाचे पैसे आणि एक जुना हट्ट घेऊन. घरच्या माणसांना बसवून कर्ली नदीतून संगमापर्यंत फिरवायला स्वतःची इंजिनाची होडी हवी! नवी परवडणारी नव्हती. वापरलेल्या दोन त्याने हेरून ठेवल्या होत्या. दोन्ही फायबरच्या, दोन्हींना मागे ४० अश्वशक्तीचे इंजिन.

पहिली पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची, नव्या गाद्यांची. दुसरी उन्हाने विटलेली, कडेला ठिगळे. मी पाच मिनिटांत निकाल दिला : पहिली!

तेवढ्यात दादाने बोलावलेला मेकॅनिक आला आणि माझ्या पाया पडला. "गुरुजी, वळाखलात?"

ओळखले. पाचवीत याची गणिताची वही 'अक्षर की कोंबडीचे पाय' म्हणून मी वर्गाबाहेर भिरकावली होती. आतली गणिते बरोबर होती की चूक, हे पाहिलेच नव्हते.

त्याने रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. इंजिन अडकवतात ती मागची फळी तो पान्याने ठोकीत गेला. आपण नारळ वाजवून घेतो तशी. पांढऱ्या होडीचा आवाज मध्येच भद्द झाला.

"गुरुजी, आतला लाकूड कुसलाहा."

वर फायबर, आत प्लायवूड. बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी मुरलेले. भर लाटांत ती फळी इंजिनासकट सुटली असती, आणि होडीत आमची पोरे! इंजिनाच्या खालच्या पेटीतले तेलही दुधाळ निघाले. तिथेही पाणी शिरलेले.

विटकी मात्र टणटण बोलली. तेल स्वच्छ. पाण्यात नेऊन इंजिन सुरू करताच थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार अखंड पडू लागली. दादाने तिचाच विसार दिला.

निघताना मी म्हटले, "बाबा रे, तुझी वही मी फेकली होती."

तो हसला. "अक्षार अजून तसाच आसा, गुरुजी!"

परवा सहाजण संगमापर्यंत जाऊन सुखरूप आलो. पोरे आनंदाने ओरडत होती. मी गप्प होतो. वीस वर्षांत मी किती वह्या नुसत्या रंगावरून पारखल्या असतील?

सहामाहीचे पेपर टेबलावर पडले आहेत. सर्वांत वाईट अक्षराचा पेपर आज मी पहिल्यांदा हाती घेतला आहे.