एक आकाश, अनेक वाटसरू



मकरपुऱ्याला हवाई दल परके नाही. खंडेराव महाराजांच्या काळातील मकरपुरा राजवाड्यात आज हवाई दलाचे प्रशिक्षण चालते. विमानाचा आवाज आला की वर्गातल्या निम्म्या माना खिडकीकडे वळतात. अशा वेळी मी मुलांना विचारतो, "हे आकाश कोणाचे?" उत्तर ठरलेले असते, "विमानांचे!"

हे उत्तर अपुरे आहे. युद्धात त्याच आकाशातून लढाऊ विमाने, लष्कराची हेलिकॉप्टर, ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि तोफांचे गोळेही जातात. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि नाशिक रोडला लष्करी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांचे. लांब पल्ल्याचा गोळा कित्येक किलोमीटर उंच चढून मग खाली येतो. त्या वाटेत आपलेच हेलिकॉप्टर असले तर? म्हणून जागा, उंची आणि वेळ या तीन गोष्टी आधी वाटून घ्याव्या लागतात. तोफा कोणत्या दिशेने, किती उंच आणि किती वाजेपर्यंत चालणार, हे वैमानिकाला कळले पाहिजे. वैमानिक कोणत्या मार्गाने परतणार, हे जमिनीवरच्या जवानाला कळले पाहिजे. विमानविरोधी तुकड्यांनाही कधी 'ओळख पटलेल्या शत्रूवरच मारा करा', तर कधी 'स्वसंरक्षणाखेरीज मारा नको', असे स्पष्ट आदेश असतात.

हा ताळमेळ चुकला तर काय होते, हे आपण 27 फेब्रुवारी 2019 रोजी पाहिले. त्या सकाळी काश्मीरच्या सीमेवर हवाई चकमक सुरू असताना श्रीनगरहून निघालेले हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. क्षेपणास्त्र आपलेच होते. तेच वर्ष, ऑक्टोबर महिना: हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

हा प्रसंग मी प्रार्थनासभेत सांगितला, तेव्हा एका पालकांनी विचारले, "सर, देशाचे असे अपयश मुलांना कशाला सांगायचे? शौर्यकथा सांगा." त्यांची भावना मी समजू शकतो. पण आपल्या शाळेतली काही मुले सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहतात. त्या दिवशी धैर्य कोणाकडेच कमी नव्हते. कमी पडली ती योग्य माणसापर्यंत वेळेवर पोहोचलेली माहिती. हे मुलांपासून लपवले, तर केवळ छाती पुढे काढणे म्हणजे देशसेवा, असे ती समजतील. आणि चूक मान्य करणाऱ्या दलाबद्दल माझा आदर वाढलाच आहे.

सुधारणा होते, हेही सांगितले पाहिजे. मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी आपल्या गुजरातमधील भूजसह अनेक ठिकाणांवर ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा लष्कराची 'आकाशतीर' प्रणाली हवाई दलाच्या नियंत्रण व्यवस्थेशी जोडलेली होती. जमिनीवरचे आणि आकाशातले डोळे एकच चित्र पाहत होते, म्हणून आपले कोण आणि परके कोण हे ठरवणे सोपे झाले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथला 'तालमेल' हा शब्द मला फार आवडतो. मराठीत आपण त्याला ताळमेळ म्हणतो. हा शब्द सैन्यापुरता नाही. आपले एकच मैदान खो-खो, क्रिकेट आणि कवायत यांनी वाटून घ्यायचे असते. वेळापत्रक फळ्यावर लिहिलेले असते, पण बदल झाला तर दुसऱ्या संघाला सांगायला जायचे कोणी? ज्याने बदल केला, त्याने. मित्रांनो, एवढी सवय शाळेत लागली, तर उद्या तुमच्यापैकी जो कोणी वैमानिक किंवा तोपची होईल, त्याच्या हाती त्याचे सोबती सुरक्षित राहतील.

आपला,
मुख्याध्यापक