जेबच्या भेटीला, केर्बिनच्या कक्षेत

मे महिन्याच्या सुट्टीत कुणी कोकणात जातं, कुणी महाबळेश्वरला. मी मात्र मामाकडे गेले आणि तिथून पुढे जो प्रवास केला, त्या वाटेवर एसटी नाही की रेल्वे नाही. मी गेले होते केर्बिन नावाच्या ग्रहाभोवतीच्या कक्षेत! हा ग्रह आकाशात शोधू नका हं. तो आहे ‘केर्बल स्पेस प्रोग्राम’ या कॉम्प्युटरवरच्या खेळात. मेक्सिकोतल्या एका कंपनीने तो तयार केला आणि २०११ साली तो लोकांपुढे आला. खेळ असला तरी त्यातली यानं न्यूटनच्या नियमांनीच फिरतात. माझी फजिती झाली ती त्यामुळेच.

झालं काय, माझ्या धाकट्या भावाने तीन दिवस खपून एक यान बांधलं. जेब नावाच्या अंतराळवीराला त्यात बसवून वर पाठवलं. यान १०० किलोमीटर उंचीवर पोचलं, ग्रहाभोवती फिरू लागलं आणि इंधन संपलं! खाली यायचं तर वेग कमी करायला हवा आणि त्यासाठी इंधनच हवं. तिथे हवाही नाही, म्हणजे वेग आपोआप कमी होणार नाही. जेब बिचारा कायमचा फिरत राहणार.

“ताई, त्याला परत आण ना,” भाऊ अगदी रडवेला झाला. “आणि माझं यानसुद्धा!”

“यानाला डॉकिंगचं तोंड आहे का रे?” मामाने विचारलं. डॉकिंग म्हणजे दोन यानं अवकाशात एकमेकांना जोडणं. तोंड होतं! भावाने ते नुसतं शोभेसाठी टोकाला बसवलं होतं. आता इंधन भरलेलं दुसरं यान घेऊन जायचं, जेबच्या यानाला जोडायचं आणि त्याला इंधन द्यायचं, असं ठरलं.

केर्बिनचा अवकाशतळ समुद्रकाठी, विषुववृत्तावर आहे. तिथून यान पूर्वेकडे सोडलं की ग्रहाच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो. सत्तर किलोमीटरवर हवा संपली आणि आकाश काळंभोर झालं. खाली निळा समुद्र, दूर करड्या रंगाचा मून आणि पुदिन्याच्या रंगाचा मिनमस असे दोन चंद्र! काय सांगू, भूकच विसरले.

मीही १०० किलोमीटरवर पोचले. जेब माझ्या पुढेच होता. एसटी सुटली की आपण काय करतो? मागे धावतो! मीही यानाचं नाक जेबकडे वळवलं आणि इंजिन सोडलं. आधी अंतर थोडं कमी झालं. मी खूश! पण मग माझं यान वर वर चढू लागलं आणि खालून जेब पुढे पुढे निघून गेला. मी आणखी जोर लावला, तसा तो आणखीच लांब गेला.

मामा हसू लागला. “अगं, खऱ्या अंतराळवीराचीही अशीच फजिती झाली होती. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाऊ पाहत होते. ते त्याच्या दिशेने यान ढकलत आणि टप्पा हातचा निसटत राही. शेवटी इंधन जपण्यासाठी प्रयत्न सोडून द्यावा लागला.”

“मग पकडायचं कसं?”

“ब्रेक लावून!”

मला वाटलं, मामा चेष्टा करतोय. पण त्याने कागदावर दोन वर्तुळं काढली. एक ८० किलोमीटर उंचीचं, दुसरं १०० किलोमीटरचं. आतलं वर्तुळ लहान, म्हणून वाट कमी. शिवाय ग्रह जवळ असल्यामुळे त्याची ओढ जास्त, म्हणून वेगही जास्त. आतली फेरी सव्वाएकतीस मिनिटांत पुरी होते, बाहेरचीला साडेबत्तीसहून थोडी जास्त मिनिटं लागतात. म्हणजे खाली उतरलं की दर फेरीला सुमारे दीड मिनिट कमावता येतं!

एव्हाना जेब पाव फेरी पुढे गेला होता. मी ब्रेक लावून ८० किलोमीटरवर उतरले आणि गप्प बसले. सहा फेऱ्या! खेळात वेळ भरभर सरकवता येते, नाहीतर तीन तासांहून जास्त वेळ लागला असता. दर अर्ध्या तासाने सूर्य उगवे आणि जरा वेळाने मावळे. जेब जरासाच पुढे उरला तेव्हा वेग थोडा वाढवला आणि अर्ध्या फेरीत त्याच्यापासून दीड किलोमीटरवर पोचले. तिथे दोघांच्या वेगातला फरक मोडून काढला. आता आम्ही दोघंही सेकंदाला सव्वादोन किलोमीटर धावत होतो, पण एका बाकावर शेजारी बसल्यासारखे स्थिर दिसत होतो.

हळूहळू जवळ गेले. पण जेबचं यान डोळ्यांपुढे दिसताच राहवेना. सेकंदाला तीन मीटर वेगाने घुसले आणि धडाम! तोंडं जुळली नाहीतच, उलट जेबचं यान गरगर फिरू लागलं. छोट्या थ्रस्टरचं निम्मं इंधन तेवढ्यात संपलं. भाऊ तर बोलेचना.

“मागे हो आणि थांब,” मामा म्हणाला. “आपल्या इस्रोने तेच केलं होतं. स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला वर गेले. डॉकिंग दोनदा पुढे ढकललं. १२ जानेवारीला तर ते तीन मीटरपर्यंत जवळ आणले आणि पुन्हा लांब नेले. १६ जानेवारी २०२५ ला जोडले, तेव्हा अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला.”

मी मागे सरले. जेबच्या यानाचं फिरणं थांबवलं. दोन्ही तोंडं समोरासमोर आणली. मग सेकंदाला फक्त वीस सेंटिमीटर! शेवटच्या दहा मीटरना जवळजवळ मिनिट लागलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. अगदी जवळ गेल्यावर तोंडांतल्या चुंबकाने ओढ घेतली, यानं किंचित डुलली आणि एक झाली!

भावाने अशी आरोळी ठोकली की आजी स्वयंपाकघरातून धावत आली. “काय पडलं रे?”

“पडलं नाही आजी, जुळलं!”

जेबला इंधन दिलं. थोड्याच वेळात त्याचं यान पॅराशूट उघडून समुद्रात अलगद उतरलं. भावाने पुढचं यान लगेच काढायला घेतलं. “ताई, आता मूनवर!”

म्हटलं, “जाऊ की. आधी इंधन मोज!”