हात न लावण्याची विद्या

एखादी गोष्ट जरा वाकडी दिसली, की ती सरळ केल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. सरकारी नोकरीत ह्याला दक्षता म्हणतात. घरात ह्याला लुडबुड म्हणतात, हे परवा आमच्या चिरंजीवांकडून कळले.

सध्या आमचे बिऱ्हाड झाशीच्या प्रेमनगरात आहे. रेल्वेच्या माणसांनी भरलेली ही वस्ती आम्हांस नवी नाही. आमचे वडील इथल्याच मालडबे दुरुस्तीच्या कारखान्यात होते. डब्यांवर पांढरी अक्षरे काढणे हे त्यांचे काम. त्या वेळी झाशी मध्य रेल्वेत होती, म्हणून डब्यावर ‘म.रे.’ लिहावे लागे. ‘दुरुस्त करून जिवंत केलेल्या डब्यावर आम्ही मरे लिहितो,’ असा त्यांचा ठरलेला विनोद असे. 1 एप्रिल 2003 रोजी झाशी उत्तर मध्य रेल्वेत गेली आणि विनोदाचा आधारच सुटला. वडील आता पुण्यास भावाकडे असतात.

वर्षापूर्वी आमची बदली इकडे झाली, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलास पुण्याची शाळा सोडावी लागली. तेव्हापासून त्याचे बोलणे आटले. आम्ही उपदेश केला, शिकवणी लावली, सहकाऱ्यांची मुले घरी बोलावली. तो दार लोटून बसू लागला. दाराआड, प्लॅस्टिकच्या पत्र्यातून, आजोबांसाठी एक जुना चार चाकी मालडबा आकार घेत होता. खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा, आणि अंगावर मोहरीहून बारीक रिव्हेटांच्या रांगा!

एवढ्याशा डब्यावर कुंचल्याने अक्षर काढणे कठीण. त्यासाठी डेकल लागते: कागदावरच्या डिंकाच्या थरावर बसवलेला, अक्षरे छापलेला पातळ पापुद्रा. घरगुती छपाईयंत्रास पांढरी शाई ठाऊक नसते. म्हणून एका छांदिष्टाकडून ‘म.रे.’च्या तीन जोड्या मागवल्या होत्या. डब्याच्या बाजू दोन.

आम्हांस पाहण्याची परवानगी मिळाली. डब्यास आधी चकचकीत वार्निश दिलेले होते. खरखरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. अक्षरे कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजली, डिंक सुटला, चिमट्याने ती डब्यावर सरकली. मग पापुद्रा मऊ करणाऱ्या द्रावणाचा एक थेंब त्यावर सोडला. पाहता पाहता अक्षरांस सुरकुत्या पडल्या. ‘म’ आक्रसला, ‘रे’ची मात्रा वाकडी झाली. आम्ही चटकन बोट पुढे केले. ओला पापुद्रा दुधाच्या सायीसारखा बोटास चिकटून आला.

“बाबा, तुमची ही लुडबुड!” वर्षभरात त्याने आमच्याशी इतक्या जोराने काही बोललेले आम्हांस आठवत नाही.

आता जादा जोडी उरली नव्हती. दुसऱ्या खेपेस त्याने आम्हांस दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसावयास लावले. पुन्हा थेंब, पुन्हा सुरकुत्या. त्याने चिमटा खाली ठेवला आणि तोही स्वस्थ बसला. द्रावणाने मऊ झालेला पापुद्रा सुकताना आपोआप ताणला जातो, खालच्या उंचसखल भागावर बसतो. मध्ये बोट लावले तर फाटतो, एवढेच त्याने सांगितले. ती दहा मिनिटे आम्हांस फार जड गेली. समोर अक्षरे सुकत होती, शेजारी मुलगा होता, आणि वर्षभरात आम्ही कुठे कुठे बोट लावले ते आठवू लागले.

हळूहळू सुरकुत्या मावळल्या. एके ठिकाणी बुडबुडा राहिला होता, तो त्याने सुईच्या टोकाने टोचून आणखी एक थेंब दिला. सकाळी पाहतो तो अक्षराच्या आतून एकेक रिव्हेट मोजून घ्यावा असा दिसत होता. आजोबांनीच लिहिले असावे, इतके ते डब्याचे झाले होते.

“उद्या वर्गातला एकजण हा पाहायला येणार आहे,” मुलगा आपण होऊन म्हणाला.

कोण, कुठला, अभ्यासात कसा, हे सारे प्रश्न आमच्या जिभेवर आले. आम्ही पुन्हा दोन्ही हात मांडीखाली घेतले.