मँचेस्टरचा धोटा

कविता वाचायला बोलावलं म्हणून मँचेस्टर बघितलं. मी सूतगिरणीतला माणूस, रिंग खात्यातला. उतरल्या उतरल्या डोळे चिमण्या हुडकायला लागले. अँकोट्स भागात कालव्याकाठी लाल विटांच्या गिरण्या उभ्या आहेत. पण धडधड नाही, भोंगा नाही, नाकात कापूस नाही. रॉयल मिलमध्ये आता फ्लॅट झालेत. आपल्या परळचीच गत!

पुढं एका चौकात लिंकनचा पुतळा. हा अमेरिकेचा अध्यक्ष इथं कशाला? तर अमेरिकेतल्या युद्धानं कापूस तुटला, १८६२ साली लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, चुली विझल्या. सगळेच काही गुलामांच्या बाजूचे नव्हते. तरी ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेतली आणि गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पत्र धाडलं. १९ जानेवारी १८६३ ला त्यानं उत्तर दिलं. उपाशीपोटी, सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसासाठी! माझं मन भरून आलं अन् जळलंही.

बाकावर एक म्हातारा गोरा बसलेला. मी गिरणीत आहे म्हटल्यावर खुलला. त्याची आजी विणकर. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानं ओढायची, ते त्यानं ओठांनी करून दाखवलं.

मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मुंबईत याच थुंकीपायी आम्हा अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरू देत नव्हते. पगार तिथंच जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा सवाल टाकला होता.

"मालक शिरू देत नव्हते?" त्यानं विचारलं.

"नाही. कामगार."

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.