तिसरी प्रत

डॉक्टरने पेन दाबून चिठ्ठी एकदाच लिहायची. पहिली प्रत त्याच्या फायलीत, दुसरी औषधवाल्याकडे. तिसरी दुकानातून निघायची ती थेट सरकारदरबारी. मॉर्फिनसारख्या औषधांसाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९३९ साली तिला जन्माला घातलं. (आपल्याकडेही शेड्यूल एक्सच्या औषधांना चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यांतली एक दुकानदार दोन वर्षं जपतो. तिसरी नाही.)

स्वभावाने ती ठार कारकुनी. न्यूयॉर्कने १९७२च्या कायद्याने तिला कामाला लावलं, तेव्हा ऑल्बनीच्या आरोग्य खात्यात महिन्याला लाखभर चिठ्ठ्या येऊन पडत. भोवती कुलूपबंद तारेचं कुंपण, धोक्याची घंटा, मजकूर चुंबकीय फितीवर, पाच वर्षांनी कागद नष्ट. एवढ्या थाटाची कमाई काय? पहिल्या वीसेक महिन्यांत त्या माहितीवरून फक्त दोन चौकशा! तरी लोक तिला भ्यायचे. मुलांवर व्यसनी म्हणून कायमचा शिक्का बसेल या धास्तीने आईबाप कोर्टात गेले. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिची बाजू घेतली. पण ती धास्ती मला उगाचची वाटत नाही.

कारण तिचं सगळं बळ धास्तीतच होतं. ओसरीवर जपमाळ ओढत बसलेली आजेसासू बोलत काही नाही, पण सुनांचे आवाज आपोआप खाली येतात, तसं. १९९६मध्ये पर्ड्यू या औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोनची वेदनाशामक गोळी बाजारात आणली, तेव्हा तिसरी प्रत पाच राज्यांत नांदत होती: कॅलिफोर्निया, आयडाहो, इलिनॉय, न्यूयॉर्क, टेक्सस. कंपनीने आधीच डॉक्टरांना गटागटाने बसवून चाचपणी केली होती. तीन प्रतींच्या राज्यांतले डॉक्टर नाखूश दिसले, म्हणून कंपनीने जोर इतरत्र लावला. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे ताडून पाहिले, तर या पाच राज्यांत ती गोळी बरीच कमी गेली होती आणि अतिमात्रेचे मृत्यूही सावकाश वाढले होते. तिसरी प्रत निवृत्त झाल्यावरही हा फरक टिकला.

दुखणं मात्र तिला कधी कळलं नाही. तिची ब्याद नको म्हणून डॉक्टर खरी वेदनाही हलक्या औषधावर भागवत.

आता तिच्या जागी संगणक आहे. केंटकीतल्या ‘कॅस्पर’ या नोंदव्यवस्थेत रुग्णाच्या जुन्या चिठ्ठ्या पाहणं २०१२पासून डॉक्टरांवर बंधनकारक झालं. एकाच माणसाने चार दवाखान्यांतून घेतलेल्या गोळ्या तिथे क्षणात जुळतात. निरनिराळ्या औषधांचा हिशेब मॉर्फिनच्या मिलिग्रॅममध्ये होतो (१० मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन म्हणजे १५ मॉर्फिन), म्हणून कुठल्या भागात डॉक्टरांचा हात सैल आहे तेही आरोग्य खात्याला कळतं. ही नात आजीपेक्षा कितीतरी हुशार, पण तिलाही दिसते ती फक्त दुकानातून गेलेली गोळी. २०१२नंतर देशभर चिठ्ठ्या कमी होत गेल्या. मृत्यू मात्र एकंदरीत वाढत गेले. २०२१मध्ये ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या, अतिमात्रेने ऐंशी हजारांवर माणसं गेली, त्यांतली बहुतेक चोरबाजारातल्या फेंटानिलने. त्याची चिठ्ठी कुणी लिहीत नाही.