बन्सीलालपेटची बावडी

मागल्या दिवाळीच्या सुट्टीत सिकंदराबादला मावशीकडे गेलो होतो. मावसभावानं बन्सीलालपेटची बावडी दाखवली. सतराव्या शतकातली, सहा मजले खोल अशी ही पायऱ्यांची विहीर कित्येक वर्षं कचऱ्यानं बुजलेली होती. २०२१ मध्ये उपसा सुरू झाला आणि ५ डिसेंबर २०२२ रोजी ती सर्वांना खुली झाली. खाली स्वच्छ पाणी, वर गप्पा मारणारी माणसं. तिथली एक तेलुगू आजी कौतुकानं म्हणाली, ‘मंचि बावि!’ विहिरीला आपल्या कन्नड घरांतही बावीच म्हणतात. मी मात्र ओशाळलो. आमच्या गल्लीतल्या बावीत गणपतीचं निर्माल्य वर्षानुवर्षं मीही टाकत आलोय.

परतल्यावर शेजारच्या अण्णांना म्हटलं, ‘यंदा निर्माल्य बावीत नको.’ ते हसले, ‘सर, मोदलु हूळु तेगियोण!’ खरंच, आधी गाळच काढायला हवा. येत्या रविवारी आम्ही दोघं घमेली घेऊन उभे असू. तुम्हीही या.