मेयोनीजविना ट्यूना: सिडनीतील एका मराठी स्वयंपाकघराचा अनुभव

मेयोनीज हे तेल आणि आंबट द्रव यांचे पायस आहे. पायस म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे अतिसूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखरून टिकून राहिलेले मिश्रण. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात अंड्याचा पिवळा बलक घालून तेलाची बारीक धार सोडत घुसळले, की बलकातील लेसिथिन हे द्रव्य तेलाच्या थेंबांभोवती आवरण धरते, आणि दोन पातळ द्रवांपासून चमच्याला धरून राहणारा घट्ट पदार्थ तयार होतो. हे थेंब दाटीवाटीने बसल्याशिवाय घट्टपणा येत नाही, म्हणूनच परंपरागत मेयोनीजच्या वजनात साधारण ७० ते ८० टक्के वाटा एकट्या तेलाचा असतो. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा धरला जातो, अमेरिकी पाककृतींतील १५ मिलिलिटरचा नव्हे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी लागते. असे दोन चमचे मेयोनीज म्हणजे सुमारे १००० किलोज्यूल ऊर्जा, आणि ती जवळजवळ सगळी तेलातली. पाण्यात भरलेल्या ९५ ग्रॅमच्या डब्यातील ट्यूना निथळून घेतला, तर त्याची ऊर्जा या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. ट्यूना सॅलड हा हलका पदार्थ असल्याची समजूत सर्वत्र आढळते, परंतु हलका असतो तो मासा. जडपणा त्याच्याभोवतीच्या लेपातून येतो.

ऑस्ट्रेलियाचे ट्यूनाशी असलेले नाते दुहेरी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन हे गाव सदर्न ब्लूफिन या मौल्यवान जातीसाठी प्रसिद्ध असून, ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या विस्तीर्ण उपसागरात पकडलेले तरुण मासे तरंगत्या पिंजऱ्यांतून किनाऱ्याजवळ ओढत आणले जातात, सार्डिनवर पोसले जातात आणि बहुतांशी जपानच्या साशिमीच्या बाजारात जातात. ही जात अतिमासेमारीने खालावल्यामुळे तिच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९९४ मध्ये अमलात आला आणि त्याच्या आयोगाचे मुख्यालय कॅनबेराला आहे. सिडनीच्या सुपरमार्केटात फळीवर रचलेला डबा मात्र याहून वेगळा असतो: त्यात बहुधा स्किपजॅक ही लहान, मुबलक जात असते आणि तो बऱ्याचदा थायलंडमधील कारखान्यात भरलेला असतो. लहान आणि तरुण माशांत पारा कमी साठत असल्याने रोजच्या जेवणासाठी हा साधा डबाच अधिक योग्य ठरतो, हे सांगण्यासारखे आहे, कारण महाग ते चांगले या हिशेबाने निवड करण्याचा मोह स्थलांतरित कुटुंबांना पडतोच.

प्रस्तुत लेखिकेचे घर सिडनीच्या पश्चिम उपनगरांत, वेंटवर्थव्हिलच्या बाजूला आहे, आणि त्या घरात ट्यूना शिरला तो मुलांच्या जिभेवरून. येथील सुशीच्या दुकानांत शिजवलेल्या ट्यूनाचा मेयोनीज घातलेला रोल हा शाळकरी मुलांचा आवडता खाऊ आहे. १९२५ पासून जपानात बनत आलेले, केवळ बलकाचे मेयोनीज या चवीमागे आहे. हीच चव शाळेच्या डब्यात हवी असा मुलांचा आग्रह सुरू झाल्यावर घरात मेयोनीजच्या बरण्या भराभर संपू लागल्या, आणि बरणीवरचा पोषणमाहितीचा तक्ता वाचण्याची वेळ आली. ‘लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारांत तेल कमी करून त्याची जागा पाणी, स्टार्च आणि डिंकासारख्या पदार्थांनी भरलेली, आणि अनेकदा साखर वाढवलेली आढळली. तेलाची उणीव साखरेने झाकणे हा लेखिकेच्या मते उपाय नव्हे, ती अदलाबदल आहे.

खरा मार्ग मेयोनीजचा पर्याय शोधण्यातून नव्हे, तर मेयोनीज नेमके काय करते हे तपासण्यातून सापडला. ते डब्यातल्या कोरड्या माशाला ओलावा देते, सुट्या कणांना एकत्र धरते, आणि स्निग्धतेबरोबर आंबटपणा पसरवून मसाल्याची चव जिभेवर टिकवते. मराठी कोशिंबीर हीच कामे वेगवेगळ्या घटकांकडून करवून घेते: ओलावा भाजीचा, बांधणी दह्याची किंवा कुटाची, आंबटपणा लिंबाचा, आणि स्निग्धता फोडणीच्या चमचाभर तेलाची. हिंग, मोहरी, कढीपत्ता यांतील सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात, त्यामुळे गरम तेलाचा एक लहान चमचा पुरा वाडगा खमंग करतो. पाच मिलिलिटर तेलाची ऊर्जा १७० किलोज्यूलच्या आसपास असते आणि ती वाडग्यातल्या सर्वांत वाटली जाते. अल्प तेलातून अधिक चव काढण्याची ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तिचे पुरेसे कौतुक आपण केलेले नाही, असे लेखिकेला मनापासून वाटते.

कृतीतील सारी कसोटी पाण्याची आहे. काकडी कोचवून तिला मीठ लावले, की पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते. खमंग काकडीत ती जशी पिळून घेतात तशीच येथेही पिळावी लागते, आणि सुटलेले पाणी कणकेत किंवा ताकात वापरता येते. ट्यूना पाण्यातला असो वा तेलातला, चाळणीत निथळून तळव्याने हलके दाबावा, आणि बोटांनी मोकळा करताना त्याचा अगदी भुगा होऊ देऊ नये. दह्यासाठी चक्का हवा, म्हणजे पातळ फडक्यात टांगून पाणी काढलेले दही. ऑस्ट्रेलियात ‘ग्रीक-स्टाइल’ नावाने मिळणारे प्रत्येक दही टांगलेले नसते, काहींत मलई मिसळून दाटपणा आणलेला असतो. म्हणून लेबलावरील स्निग्धांशाचा आकडा पाहावा, किंवा साधे दही रात्रभर फ्रिजमध्ये टांगून घरीच चक्का करावा. दह्याची प्रथिने जाळे विणून पाणी धरून ठेवतात आणि मीठ व ढवळणे या दोन्हींनी ते जाळे विस्कटते, त्यामुळे मीठ काकडीलाच लावायचे, चक्का शेवटी घालायचा आणि जेमतेम कालवायचे. मग बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, आणि वर हिरव्या मिरचीची, हिंगाची फोडणी. फोडणी किंचित निवू द्यावी, नाहीतर दही फुटते.

दाण्याचे कूट ही कोशिंबिरीची हक्काची बांधणी, पण मुलांच्या डब्यात ते जाऊ शकत नाही. शेंगदाण्याच्या तीव्र ॲलर्जीमुळे येथील अनेक शाळा दाणे आणि त्यांचे पदार्थ न आणण्याची विनंती पालकांना करतात. त्याऐवजी डाळ्याची, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या सोललेल्या डाळीची, भरड वापरून पाहिली असता ती उरलेला ओलावा शोषून घेते आणि ब्रेड ओला होऊ देत नाही, असे दिसले. सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांचे कूटही चालते, मात्र त्याने रंग काळसर येतो आणि मुलांना तो आवडत नाही.

या कृतीला खरा आक्षेप आला तो मालवणहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंकडून. माशाला दही लावायचे नाही, हे त्यांच्या घरचे पक्के वळण होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाहाराची, म्हणजे एकत्र खाऊ नयेत अशा पदार्थांची, चर्चा असून तेथे मासे आणि दूध एकत्र खाण्याचा स्पष्ट निषेध आहे; कोकणातील कित्येक घरांनी हा निषेध दह्यापर्यंत वाढवलेला दिसतो. आधुनिक आहारशास्त्र मासे आणि दही एकत्र खाण्याला निरोगी माणसासाठी मनाई करत नाही, आणि भूमध्य सागराच्या काठी दह्यासोबत मासे खाल्ले जातात. तरीही घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला न पटणारे अन्न त्याच्यासमोर ठेवून त्याच्याशी शास्त्राचा वाद घालावा, हे लेखिकेला पटले नाही. ‘‘किसमूर कर की,’’ असे सासूबाई सहज म्हणाल्या, आणि पुढचा मार्ग तिथेच मोकळा झाला. किसमूर म्हणजे भाजलेली सुकट किंवा सुका बांगडा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि चिंच किंवा कोकम यांची कालवण नसलेली कोरडी कोशिंबीर. गोवा आणि दक्षिण कोकणात ती भाताबरोबर तोंडी लावायला असते. माशाची कोशिंबीर आपल्या किनाऱ्यावर आधीपासूनच होती, आणि तिला मेयोनीजची गरज कधीच पडली नव्हती.

रत्नागिरी-मालवणच्या बाजारात ट्यूनाच्या जाती कुपा, गेदर अशा नावांनी येतात, परंतु त्यांचे मांस काळपट व रक्ताळ असल्याने सुरमई-पापलेटच्या पंक्तीत त्यांना मान मिळत नाही; सासूबाईंनी डब्यातल्या ट्यूनाकडे प्रथम त्याच नजरेने पाहिले. तो निथळून, तव्यावर तेलाच्या चार थेंबांवर कोरडा परतून, फ्रोझन ओल्या खोबऱ्यात, कांद्यात आणि कोकमाच्या आगळात त्यांनीच कालवला. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, त्यामुळे वेगळे मीठ लागत नाही. खोबऱ्यात स्निग्धता भरपूर असते, म्हणून ही आवृत्ती चक्क्याच्या आवृत्तीएवढी हलकी नाही हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. परंतु दोन चमचे खोबरे चवीला पुरते आणि मेयोनीजच्या तुलनेत तेल फारच कमी जाते. तेव्हापासून घरात दोन वाडगे केले जातात: मुलांसाठी आणि डब्यासाठी चक्क्याचा, रात्रीच्या भातासोबत किसमुराच्या धर्तीचा.

डब्याच्या बाबतीत सावधगिरीचा भाग सोडून चालणार नाही. ट्यूना ज्या कुळातला मासा आहे, त्या कुळातील मासे ऊबेत राहिल्यास जिवाणूंच्या क्रियेने त्यांत हिस्टामिन हे द्रव्य तयार होते, आणि ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. अंगावर पुरळ, चेहरा लाल होणे, डोके दुखणे ही त्याची लक्षणे अनेकदा ॲलर्जी समजली जातात. ऑस्ट्रेलियात अन्नसुरक्षेसाठी दोन तास–चार तासांचा नियम शिकवला जातो: पाच ते साठ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिलेले नाशवंत अन्न एकूण दोन तासांच्या आत असेल तर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवता येते, दोन ते चार तासांच्या दरम्यान ते लगेच खावे, आणि चार तासांनंतर टाकून द्यावे. फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात शाळेचे दप्तर वर्गाबाहेर टांगलेले असते, त्यामुळे डब्याशेजारी गोठवलेली बर्फाची वीट ठेवणे आवश्यकच आहे. उघडलेल्या डब्यातील उरलेला मासा पत्र्याच्या डब्यात न ठेवता झाकणाच्या काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. चक्का मात्र त्यात आदल्या दिवशी कालवून ठेवू नये, तो खाण्याच्या दिवशी सकाळी घालावा.